पंचावन्न झाली तरी पाळी चालूच: सीमाभागातल्या बायका सारखे विचारतात ते प्रश्न

बेळगाव, खानापूर, येळ्ळूर, कडोली, निपाणी, संकेश्वर इकडच्या बायका हे प्रश्न सारखे पाठवतात. बरेचसे तेच तेच असतात म्हणून सगळे एका ठिकाणी लिहून ठेवलेत. मी बरीच वर्षं बायकांच्या ओपीडीत नर्स होते, तिथे जे बघितलं आणि डॉक्टरांना विचारून घेतलं तेच इथं आहे. पण तुम्हाला टेबलावर झोपवून तपासणारी डॉक्टर जे सांगेल ते आधी, हे वाचून परस्पर गोळ्या चालू-बंद करू नका. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे तोही बघा.

१. मला ५५ वं लागलंय, अजून दर महिन्याला पाळी येते. माझ्यात काही बिघाड आहे का?

नुसती पाळी येतेय एवढ्यावरून बिघाड म्हणता येत नाही. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. ही सरासरी आहे, म्हणजे कुणाची ४२ ला जाते आणि कुणाची ५५ ला. पंचावन्न ओलांडल्यावरही चालू असली तर डॉक्टर त्याला उशिरा पाळी जाणं म्हणतात. हा काही रोग नव्हे. पण या वयात अंगावर जाणारं प्रत्येक रक्त पाळीचंच असतं असंही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. त्यामुळे पाळी वेळेवर येत असली, आधीसारखीच किंवा कमी जात असली तरी ५५ नंतर एकदा तपासून घ्यायचंच. आणि तऱ्हा बदलली असली तर थांबायचंच नाही. कसली तऱ्हा ते ६ मध्ये लिहिलंय.

२. पाळी गेली असं नक्की कधी धरायचं?

सलग १२ महिने एक ठिपकासुद्धा नाही, तेव्हा. म्हणजे ते मागे वळून बघितल्यावरच कळतं, त्या दिवशी कुणालाच कळत नाही की ही शेवटची. अकराव्या महिन्यात एक दिवस जरी आली तरी मोजणी परत पहिल्यापासून. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला पेनानं गोल करा, जास्त गेलं त्या दिवशी दोन गोल. डॉक्टरनं विचारल्यावर "मागच्या पंचमीला की काय" असं आठवत बसण्यापेक्षा कॅलेंडरच पिशवीत घालून न्या. मी अशा बायका बघितल्यात ज्यांचं निम्मं निदान त्या कॅलेंडरवरूनच झालं.

३. आधारवर माझं वय ५८ आहे पण आई म्हणायची तू मोठ्या दुष्काळाच्या साली झालीस. मग मी कुठलं वय धरू?

हा प्रश्न जितका वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे खेड्यात कित्येक बायकांची जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून अशी कुणीतरी अंदाजानं टाकलेली असते, शाळेत घालताना मास्तरांनी किंवा कार्ड काढताना ऑपरेटरनं. तीन-चार वर्षं इकडेतिकडे सहज होतात. मोठा दुष्काळ म्हणजे १९७२ चा असेल तर तुम्ही ५८ च्या नाहीच, त्याहून लहान आहात आणि मग तुमची पाळी फारशी उशिराही नाही. लग्न कितव्या वर्षी झालं, थोरला मुलगा आता केवढा आहे, पाठच्या भावाची शाळेतली तारीख काय, असं जुळवून बघा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की कार्डावरचं वय खरं नाही. खरं वय कमी निघालं तरी ६ मधली लक्षणं असली तर तपासणी चुकत नाही, पंचेचाळीसच्या पुढे सगळ्यांना नियम तोच.

४. माझीच का उशिरा? माझ्या जावेची ४४ ला गेली.

सगळ्यात जास्त हात आईच्या घराण्याचा. आईची, मावशीची उशिरा गेली असेल तर तुमचीही जायची शक्यता असते, आणि तुमच्या मुलीचीही. मुलं जास्त झालेल्या बायकांची थोडी उशिरा जाते असं दिसतं. वजन जास्त असलं तरी फरक पडतो कारण चरबीतही इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, तयार होतं. उलट बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांची एक-दोन वर्षं आधी जाते. म्हणून कुणी तंबाखू ओढायला लागू नका, आणि निपाणीकडे कित्येकजणी मिशरी लावतात ती तोंडाच्या कॅन्सरसाठी आधी सोडा.

जिरं, तीळ, गूळ, पपई, उष्ण-थंड यातल्या कशानंच पाळी जायचं वय पुढे-मागे होत नाही. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंही नाही, त्यात फक्त नळ्या बांधतात, अंडाशय आपलं काम करतच राहतं.

५. उशिरा गेली तर कॅन्सर होतो असं ऐकलं. खरं आहे का?

धोका थोडा वाढतो, होतोच असं नाही. जितकी जास्त वर्षं शरीरात इस्ट्रोजेन तितका स्तनाच्या, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका जरा जास्त. स्तनाच्या कॅन्सरचा धोका पाळी जायला जितकी वर्षं उशीर तितक्या वर्षांना दरवर्षी साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जिथे शंभरजणींना होणार होता तिथे एका वर्षाच्या उशिरानं एकशेतीनजणींना. शंभरातल्या तिघींना होतो असा त्याचा अर्थ नाही, हे नीट वाचा कारण यावरून बायका रात्र रात्र झोपत नाहीत.

दुसरी बाजू कुणी सांगत नाही ती मी सांगते. त्याच इस्ट्रोजेनमुळे हाडं जास्त वर्षं घट्ट राहतात, आणि लवकर पाळी गेलेल्या बायकांपेक्षा हार्टचा त्रासही कमी दिसतो. तेव्हा करायचं एवढंच की स्तनात गाठ, खड्डा, बोंडातून पाणी किंवा रक्त असलं काही दिसलं की त्याच आठवड्यात दाखवायचं, आणि मॅमोग्राफी कधी करू हे स्वतःहून विचारायचं. तीस वर्षांपुढच्या सगळ्या बायकांची तोंड, स्तन आणि पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट करायची योजना आहे, ती मागून घ्या. आशाताईंना विचारलं तर कुठल्या वारी होते ते सांगतात.

६. कुठली पाळी ठीक आणि कुठली दाखवायची, ते आम्हाला साध्या शब्दात सांगा.

आधी आत काय होतं ते बघू, मग बाकीचं आपोआप कळेल. चाळीशीच्या शेवटाला अंडाशय दर महिन्याला अंडं सोडत नाही. अंडं सुटलं नाही की अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन मात्र चालूच असतं आणि त्यावर पिशवीचं अस्तर वाढत राहतं. मग दोन-दोन महिने काहीच नाही आणि एकदम धो धो जातं, पंधरा-पंधरा दिवस. "वय झालंय, जायच्या आधी असंच जातं" असं सासू, शेजारीण, सगळ्या सांगतात. बहुतेकवेळा ते खरंही असतं. पण असंच वाढलेलं अस्तर काहीजणींमध्ये पुढे बिघडतं, आणि सुरुवातीला दोन्हींचं रक्त दिसायला सारखंच. बाहेरून कुणालाही ओळखता येत नाही, मला नाही आणि डॉक्टरलाही नाही, म्हणूनच तपासणी.

दाखवायचं कधी, तर एका तासात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं लागोपाठ दोन-तीन तास चाललंय तर त्याच दिवशी. चक्कर, धाप, छातीत धडधड असेल तर रात्र काढू नका. सात-आठ दिवसांपेक्षा जास्त जातंय, एकवीस दिवसांच्या आत परत येतेय, दोन पाळ्यांच्या मधे डाग लागतात, संबंधानंतर रक्त दिसतं, हे त्याच आठवड्यात. मोठ्या गाठी पडतात, म्हणजे जुन्या रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, तेही. वजन जास्त, शुगर, पूर्वीपासून पाळ्या लांबणारं पीसीओडी, घरात पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर जरा कमी त्रासालाही जा.

पॅडचं गणित सगळ्यांना लागू होत नाही हे मला माहितेय. शेतावर, उसाच्या तोडीवर जाणाऱ्या कितीतरी अक्का अजून कापडच वापरतात आणि डॉक्टर विचारतात "किती पॅड?" तेव्हा गप्प बसतात. अशावेळी असं सांगा, रात्री कापड बदलायला किती वेळा उठावं लागतं, दुहेरी घडी घातली तरी लुगड्याला लागतं का, एसटीत बसून बेळगावला यायला भीती वाटते का. डॉक्टरला एवढ्यावरून अंदाज येतो. यातलं एकही "हो" असेल तर ते जास्तच आहे.

७. दहा महिने बंद होती, वाटलं सुटले, आणि परत आली. आता?

बारा महिने झाले नव्हते म्हणजे ती गेलीच नव्हती, मोजणी परत सुरू (२ बघा). एकदा आली, चार दिवसांत थांबली तर तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर सांगा.

पण बारा महिने पूर्ण झाल्यानंतर आली तर ती पाळी नव्हे. एक थेंब असो, गुलाबी पाणी असो, तपकिरी डाग असो, एकदाच आला असो, दाखवायचंच. अशा शंभरजणींमध्ये साधारण नऊ-दहाजणींना कॅन्सर निघतो, बाकीच्यांना कोरडेपणा, मस्सा म्हणजे पॉलिप, असलं काहीतरी साधं. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला पकडला तर बऱ्याचजणी पूर्ण बऱ्या होतात, आणि तो डाग म्हणजे त्याची लवकर मिळालेली खूण असते. "परत तरुण झालीस की" अशी थट्टा घरात होते, ती कृपा करून करू नका. त्या थट्टेमुळे बाई सहा महिने गप्प राहते.

८. दवाखान्यात काय काय करतात? बायोप्सी म्हटलं की हातपाय गळतात.

आधी नीट विचारतात, पोट आणि खालून तपासतात, पिशवीच्या तोंडाचा पॅप किंवा एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरसाठीची तपासणी) घेतात. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर. थायरॉईड कमी असलं तरी पाळी जास्त जाते, हे बऱ्याचजणींना माहीत नसतं. मग सोनोग्राफी, शक्यतो खालून केलेली, त्यात गाठी, मस्से आणि अस्तराची जाडी दिसते.

जाडीबद्दल एक सांगते कारण रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या बायका मी बघितल्यात. पाळी पूर्ण गेलेल्या बाईला रक्त गेलं तर ४ मिलिमीटरपर्यंतची जाडी बरी मानतात. पण ज्यांची पाळी अजून येते त्यांना हा आकडा लागूच होत नाही, पाळीच्या आधी अस्तर दहा-बारा मिलिमीटर असणं ही रोजची गोष्ट आहे. सोनोग्राफीच्या वेळी शेवटची पाळी कधी आली ते त्यांना सांगा आणि रिपोर्टवर लिहायला लावा.

बायोप्सी म्हणजे कापाकापी नव्हे. पेनातल्या रिफिलसारखी बारीक नळी खालून पिशवीत घालून अस्तराचा तुकडा ओढून घेतात, ओपीडीतच, पाच मिनिटांचं काम. त्या वेळी पाळीच्या पहिल्या दिवशीसारखी जोराची कळ येते, नंतर दिवसभर थोडं दुखतं, थोडं जातं. त्याच दिवशी चालत घरी. सोबत कुणीतरी न्या आणि उपाशी जाऊ नका, आधी दुखायची गोळी घेतली तर चालेल का ते विचारा. नळीनं तुकडा नीट मिळाला नाही तर भूल देऊन क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं) किंवा दुर्बिणीतून बघतात. ४५ च्या पुढे रक्तस्राव बिघडला असेल तर बायोप्सी हा नेहमीचा भाग आहे, सांगितली म्हणजे डॉक्टरला कॅन्सरच दिसला असं नाही.

९. एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी केली की पाळी कधी जाणार ते कळतं का?

नाही कळत. या वयात तो आकडा आठवड्याआठवड्याला वरखाली होतो, आज ४० आणि पुढच्या महिन्यात १०. पैसे घालवायचे असतील तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईडवर घालवा.

१०. डॉक्टर म्हणाले पिशवीच काढून टाका, तसं पण आता काय काम तिचं. काढू का?

"आता काय काम तिचं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं वाचलंय, सरकारला समिती नेमावी लागली. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना सांगितलं की गरज नसताना गर्भाशय काढण्यावर केंद्राच्या गाईडलाईन्स तीन महिन्यांत लागू करा. इतकं सगळं झालं ते उगीच नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आधीच कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कॅन्सर निघाला, किंवा अस्तरात त्याच्या आधीची वाईट तऱ्हा निघाली, तर काढायला लागते आणि तेव्हा अजिबात मागेपुढे बघू नका. पण साध्या गाठी, सुजलेली पिशवी, जास्त जाणं, यावर आधी इतर इलाज आहेत. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या (ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ अडकलीय त्यांना चालत नाहीत), प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, आणि हार्मोनची तांबी, जी पिशवीत बसवली की अस्तर पातळ राहतं. फायब्रॉईडच्या, म्हणजे पिशवीतल्या साध्या, गाठी पाळी गेल्यावर आपोआप आकसतात, तुम्ही ५५ च्या असाल तर किती दिवस काढायचेत ते तुम्हीच बघा.

काढायचीच ठरली तर अंडाशय ठेवणार की काढणार हे सही करायच्या आधी विचारा. फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तर कुणाकडून तरी वाचून घ्या, न वाचता सही नाही. ठेवलं तर पुढे काय, ते १६ मध्ये.

११. हिमोग्लोबिन ८ निघालं. मनुके आणि बीट खाऊन वाढेल का?

नाही वाढणार. १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ८ म्हणजे बरंच कमी, त्याला लोहाच्या गोळ्या लागतात, कधी शिरेतून इंजेक्शन. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आकडा सुधारला की बायका गोळ्या बंद करतात आणि दोन महिन्यांत परत तिथंच, कारण साठा भरलेला नसतो, म्हणून सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या. आणि रक्त का जातंय ते शोधलंच नाही तर हे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणं.

१२. या वयात दिवस राहतील का? आणि पंधरा वर्षांपूर्वी बसवलेली तांबी अजून आतच आहे.

५५ नंतर, पाळी येत असली तरी, दिवस राहणं इतकं दुर्मिळ आहे की त्या वयात साधनं बंद केली तरी चालतात. त्याच्या आधी, पन्नाशी ओलांडलेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर एक वर्ष, पन्नाशीच्या आत असेल तर दोन वर्षं काळजी घ्यायची. ऑपरेशन झालेल्यांना हा प्रश्न नाही.

तांबी चाळिशीनंतर बसवलेली असेल तर पाळी जाईपर्यंत ठेवता येते. पण नंतर काढायलाच लागते, आणि इथेच बायका विसरतात. दोरा सापडत नाही, नवऱ्याला आठवत नाही, बसवणारी नर्स रिटायर झालेली. सोनोग्राफीत दिसते, काढता येते. जास्त जाण्याचं किंवा मधे डाग लागण्याचं एक कारण ती स्वतःच असू शकते, तेव्हा ६ मधली तक्रार सांगताना तांबी आहे हे आधी सांगा.

१३. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जायचंय, घरी गौरी-गणपती आहेत, पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? तरुणपणी घेतच होते.

तरुणपणी घेतली ती वेगळी गोष्ट. त्या गोळीतलं हार्मोन थोडंफार इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो, ५५ व्या वर्षी बीपी, शुगर, वजन, पायाच्या सुजलेल्या शिरा हे सगळं सोबत असतं. वर यात्रेत तासन् तास गाडीत बसून जायचं. दुसरं म्हणजे गोळी थांबवल्यावर जे रक्त येतं त्यामुळे तुमची खरी तऱ्हाच कळत नाही, दोन महिने हिशेब चुकतो. मेडिकलमधून मागून तर अजिबात घेऊ नका, डॉक्टरला विचारून त्यांनी बीपी बघून दिली तर घ्या.

देवाला चालतं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. मला विचाराल तर यल्लम्मा आईच आहे, तिला बाईचं शरीर नवं नाही.

१४. नातीला पाळी सुरू झाली आणि माझी अजून चालू. सुनेसमोर लाज वाटते.

हे फार बायका विचारतात, आणि लिहिताना शेवटी "कुणाला सांगू नका" असं हमखास असतं. काकू, यात लाजण्यासारखं काहीच तुम्ही केलेलं नाही. लाजेपायी बायका काय करतात ते मला माहितेय, कापड माडीवर अंधारात वाळत घालतात, पॅड सुनेच्या पुड्यातून घेता येत नाही म्हणून एकच दिवसभर ठेवतात, त्यानं खाज आणि इन्फेक्शन होतं. कापड उन्हातच वाळवायचं. आणि सुनेला सांगाच, कारण दवाखान्यात तुमच्याबरोबर बसणारी बहुतेक तीच असणार.

१५. गरम वाफा येतात, झोप नाही, चिडचिड होते, पण पाळीही येते. दोन्ही कसं?

येतं दोन्ही, पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात, कुणाची चार तर कुणाची आठ. सुती कपडे, रात्री चहा नको, चालणं. फारच असेल तर औषधं आहेत, विचारा. हार्मोनच्या गोळ्या मिळाल्या आणि त्यावर महिन्याला रक्त आलं तर ती तुमची स्वतःची पाळी धरायची नाही, २ मधली मोजणी त्यावर चालत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असणाऱ्यांनी मात्र पाळीत कुठलाही बदल दिसला तर थेट त्या डॉक्टरकडे जायचं, त्या गोळीनं अस्तर वाढू शकतं.

खर्चाचं काय? कुठे जायचं?

बेळगावात बिम्सचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सिव्हिल आहे, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही स्त्रीरोगतज्ज्ञ असतात, आधी वार विचारून जा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज बसतो, खाजगीत करायचं असेल तर आधी सरकारी दवाखान्यातून रेफरची चिठ्ठी घ्या. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केलीय, निपाणीकडच्या ज्या बायका कोल्हापूरला जातात त्यांनी तिथल्या योजनेच्या काउंटरवर गावाचं नाव सांगून चौकशी करावी. कन्नड बोलता येत नाही म्हणून कुणी घरी बसू नका, सिव्हिलमध्ये मराठी समजणारी सिस्टर सापडतेच.

१६. माझी पिशवी पाचेक वर्षांपूर्वी काढली, अंडाशय ठेवलंय. मला पाळीच येत नाही, मग माझी गेली हे कसं कळणार?

पाळीवरून नाही कळणार, वाफा, झोप, कोरडेपणा यावरून अंदाज. पिशवी काढलेल्यांचं अंडाशय थोडं लवकर थकू शकतं, तुमचं ५५ पर्यंत चालेलच असं धरू नका. आणि दोन्ही अंडाशयं काढली असतील तर पाळी त्याच दिवशी गेली, वय काहीही असो. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर काय काय काढलं ते लिहिलेलं असतं, ते शोधून ठेवा. सापडलं नाही तर जिथे ऑपरेशन झालं तिथून कॉपी मागा, आणि पिशवीचं तोंड ठेवलंय का तेही त्यात बघा, कारण ठेवलं असेल तर त्याची तपासणी तुम्हाला अजून लागते.